मशिनींना लागली थंडी

हे तुम्हाला सांगावं की नको, तेच कळत नाहीये. पण बायको अर्ध्या खालापुरात सांगून बसलीये, तेव्हा उरलेलं माझ्या तोंडून ऐका.

माझी कोंबड्यांची शेड होती. वीस वर्षं पिल्लं वाढवली, मग धंदा बसला आणि शेड रिकामी पडली. तेवढ्यात कर्जतचा माझा जावई, संदेश, दहा-बारा मशिनी घेऊन आला. या म्हणे नेटवरची नाणी काढतात. कुठून काढतात? तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मान हलवली, आणि तिन्ही वेळा डोक्यात काही शिरलं नाही.

एवढं कळलं, की मशिनी भयंकर तापतात. माझ्या शेडला दोन्ही बाजूंनी जाळी. एकीकडून वारा आत, दुसरीकडून गरम हवा बाहेर. दोन दिवस चालवून बघायचं, जमलं तर शेड तो कायमची घेणार आणि राखण माझ्याकडे. नाहीतर भिवपुरीला मित्राचा गाळा होताच. मला ते काम हवंच होतं हो! रिकामा बसून बसून मी बायकोला भाजी कशी चिरायची ते शिकवायला लागलो होतो.

जाताना संदेश म्हणाला, हवेकडे तेवढं लक्ष ठेवा. मी हसलो. हवेचं मला सांगतोय!

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी. माथेरानच्या बाजूने गार वारा सुटलेला. शेडवर गेलो आणि वीस वर्षांच्या सवयीने वाऱ्याकडचे गोणपाटाचे पडदे खाली सोडले. थोड्या वेळाने मशिनी मोठ्याने घोंघावायला लागल्या.

आता पिल्लं ओरडायला लागली की आम्ही काय समजतो? गारठली! मी दुसऱ्या बाजूचेही पडदे सोडले. आवाज वाढला. मी गोंधळलो. एवढी कसली थंडी? फटींत गोण्या कोंबल्या. आता तर कानठळ्या बसायला लागल्या. शेवटी पिल्लांना ऊब द्यायचे मोठे बल्ब माळ्यावरून काढले आणि मशिनींवर टांगले.

खरं सांगतो, मला दरदरून घाम फुटला होता. मला वाटलं, काळजीने.

आणि मग एकेक करून सगळ्या गप्प झाल्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू! ऊब मिळाली की पिल्लं अशीच गप्प होतात. संदेशला फोन लावला, सगळ्या शांत झोपल्या म्हणून कळवलं.

तो म्हणाला, "मामा, झोपल्या म्हंजे?"

तासाभरात तो हजर. पडदा उचलला तसा भट्टीसारखा झोत तोंडावर आला. बल्बांकडे नुसता बघत राहिला. मग त्याने सांगितलं, की मशीन तापली की आतले पंखे जोरात फिरतात, तो आवाज. म्हणजे मी जितकी माया करत होतो, तितक्या त्या बिचाऱ्या बोंबलत होत्या! माझं तोंड एवढंसं झालं. गेलं काम भिवपुरीला.

"जळलं नाय ना काय?" मागोमाग आलेल्या माझ्या बायकोने विचारलं.

"नाय मामी. लय तापल्या की आपल्या आपण बंद पडतात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "बघा. मशिनीला पण कळतं, कुठं थांबायचं."

संदेशने शेड घेतली. हवा फार छान खेळते म्हणाला. राखणीला माणूसही ठेवलं, माझी बायको. दुपारी मी तिचा डबा घेऊन जातो. ती तो दारातच घेते.