टोपी बसवताना

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर नवरा आणि लेक रायफलची काडतुसं भरत बसतात. दोघंही नेमबाज. एकदा वापरलेल्या पितळी पुंगळीच्या बुडाशी बार पेटवणारी मसुराएवढी नवी टोपी ठेवायची आणि हातातल्या यंत्राची दांडी दाबायची. टोपी आत जाताना हाताला किती जोर लागला, त्यावरून पुंगळी अजून कामाची आहे की नाही ते कळतं म्हणे.

"बाबा, ही सैल गेली," लेक म्हणते. तो नुसती मान हलवतो, पुंगळी बाजूला ठेवतो. एवढ्यावर त्यांचं भागतं. मी समोर शेंगा सोलत बसते आणि आतल्या आत जळते. पोरीला हाताला धरून चालवलं मी, आणि तिचा हात मात्र गेला बापावर. एका घरात राहूनही माणसं अशी दोघादोघांत वाटली जातात, आणि उरलेल्याने चहा टाकायचा.

काल न राहवून मी दांडी मागून घेतली. दाबली. मला कप्पाळ काही कळलं नाही.

"सैल आहे गं ही," मी जाणकारासारखं म्हटलं.

लेकीने पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवलं. "आई, टोपी अजून बाहेरच आहे. बसलीच नाही ती."

आणि एकमेकांकडे न बघताच, दोघंही एकदम हसली.