खात्रीमामाचे खोंड

त्याला सगळे खात्रीमामा म्हणत. दूध तापलंय का हेही हा बोट बुडवून बघतो, असं मामी सांगायची.

खोंड विकायची वेळ मात्र तो अचूक हेरायचा. शेपटीच्या मुळाशी चिमटा घ्यायचा. बोटांत चरबी आली की माल तयार. त्यापुढचा चारा अंगी लागत नाही, आणि कुरण वाळलं की वजन उतरतं. यंदा चरबी भरली होती, भाव चढा होता, कुरण पिवळं पडू लागलं होतं. विकायचे तर आत्ताच.

बाजारात खोंडांच्या आधी तो स्वतः काट्यावर चढला. दरवर्षीची रीत. "माझं वजन लग्नापासून हललेलं नाही," तो म्हणायचा. "मीच माझं माप."

काट्याने वजन बरंच कमी दाखवलं.

"काटा मारतोस होय रे?"

"मामा, जेवून या. भरेल," व्यापारी हसला.

हसला म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मामा पलीकडच्या काट्यावर गेला. तिथेही तेच. म्हणजे सगळे सामील. तो खोंड हाकत घरी परतला.

"सगळ्यांनी मिळून तुम्हालाच गाठलं?" मामीने विचारलं. तिची नजर त्याच्या कमरेवर होती. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं. "आणि हे कधी?"

"चामडं सैल पडलंय. दुकानदारानं फसवलं."

पुढच्या बाजाराला मात्र मामीही निघाली, सोबत पेंडीचं शिवलेलं पोतं घेऊन. त्यावर पन्नास किलो छापलं होतं. तिने ते काट्यावर ठेववलं.

पन्नास.

"पोतंही त्यांचंच असेल," मामा पुटपुटला.

"आपल्या गोठ्यातलं आहे."

मामा आकड्याकडे बघत राहिला. मग नकळत त्याने स्वतःच्याच दंडाला चिमटा घेतला. बोटांत नुसती कातडी आली.

"खोंड चढवा," तो म्हणाला.

भाव थोडा उतरला होता. त्याने घासाघीस केली नाही. आता व्यापारीच संशयाने बघू लागला.

बाजारातून दोघं थेट दवाखान्यात गेली. कोपऱ्यात छोटा काटा होता.

"काका, यावर उभे राहा," नर्स म्हणाली.

मामाने काटा वाकून न्याहाळला.

"आधी तुम्ही."