ब्यूनोस आयरेसचा वसंत आणि मोठी आई

१५ जून २०२४, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मोठ्या आईने वरणाचा गरम गंज माझ्या तक्त्यावर ठेवला. आठवडाभर खपून मी तो तक्ता तयार केला होता: ब्यूनोस आयरेस शहराचे बाराही महिन्यांचे सरासरी तापमान, पाऊस आणि आर्द्रता. वाफेने शाई पसरली. "कागद जाड हाय," ती समाधानाने म्हणाली, "कामी आला."

मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. तिचा एकुलता एक मुलगा, प्रशांतदादा, सहा वर्षांपासून त्या शहरात नोकरी करत होता. तो कुठे राहतो, काय खातो, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे एवढीच तिची इच्छा होती. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितले होते की जानेवारीत तिच्या हृदयाची झडप बदलावी लागेल. लांबचा प्रवास करायचा असेल तर त्याआधीच करा. दादाने फोनवर मला बजावले, "सुजाता, तू हवामानशास्त्रात संशोधन करतेस ना? मग महिना तूच ठरव."

मी ठरवलाही. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. जुलैतली दमट थंडी तिच्या श्वासाला सोसली नसती, डिसेंबरातला उकाडा नको होता. उरला तिथला वसंत, म्हणजे ऑक्टोबर. निष्कर्ष निर्विवाद होता.

"ऑक्टोबरात नाही जमत," मोठी आई म्हणाली.

"काहून?"

"पाव्हणे येतेत."

हे पाहुणे आमच्या घरी १९५६ पासून येत आहेत. त्या वर्षी दीक्षेसाठी नागपूरला चालत आलेल्या चार गाववाल्यांना तिच्या सासऱ्यांनी अंगणात झोपायला जागा दिली. तेव्हापासून दर विजयादशमीला उमरेडकडच्या त्या गावाचे लोक पथारी घेऊन येतात, दीक्षाभूमीवर जाऊन येतात, आमच्याकडे जेवतात आणि गच्चीवर झोपतात. निमंत्रण कोणी देत नाही, येतो म्हणून कोणी कळवतही नाही. दार उघडे असणार हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते.

"त्यांना या वर्षी दुसरीकडे उतरायला सांगू," मी सुचवले.

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी गच्चीच विकायला काढली होती. "तुह्या तक्त्यात पाऊस हाय, वारा हाय. पाव्हण्याईचा रकाना कुठी हाय वं?"

तिची पद्धत मला तेव्हा उमगली आणि अधिकच संताप आला. शहराला भेट देण्याचा उत्तम ऋतू ती त्या शहराकडे पाहून ठरवतच नव्हती. इथे आपल्यावाचून कोणाचे अडणार नाही असा महिना ती नागपुरात शोधत होती. एप्रिलमध्ये जयंती आणि कुरडया, मेमध्ये लोणची, दिवाळीनंतर माहेरवाशिणी. तसा महिना सहा वर्षांत सापडला नव्हता. पुढे जानेवारीत, शस्त्रक्रियेनंतर, ती आम्हाला सोडून गेली. माझा हा वैताग मात्र अजून गेलेला नाही.

त्या जूनच्या सकाळी शेवटी मी म्हणाले, "पाहुण्यांचं मी पाहते. तू जा."

"तुले भात मोकळा जमते का?"

"शिकेन."

"अन् कोणी उशिरा आला त तोंड वाकडं नाही करायचं."

"नाही करणार."

विजयादशमीच्याच आठवड्यात पुण्याला मला माझा शोधनिबंध सादर करायचा होता. मी तो सहकाऱ्याच्या हाती सोपवला. मोठी आई विमानात बसली, ती जाताना मला गंजांची मापे पाठ करायला लावून.

१२ ऑक्टोबरला संध्याकाळी सात वाजता अंगणात पहिली पंगत बसली आणि मोठ्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळचे साडेदहा वाजले होते.

"वांग्यात तेल कमी दिसून राहिलं."

"मोठी आई, तिथे एकवीस अंश आहे, आभाळ निरभ्र आहे. दादाने तुझ्यासाठी रजा घेतली आहे. बागेत जा ना!"

"बाग काय पळून जाते? फोन फिरव. त्या कोनट्यात कोण बसला? प्रशांत, इकडं ये. पाह्य, हा तुह्या गंगूमावशीचा नातू. तू याच्या बापासंग विहिरीत पोहत होता."

दादा पडद्यात आला. एका म्हातारीने घास हातात धरूनच विचारले, "काहून गा प्रशांत, मायले जेवाले देतं का नाही?"

"देतो ना मावशी. पर तिले माह्या हातचा भात चिकट लागते."

अंगण हसले. दादाच्या तोंडून नागपुरी मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. तो आईला खेटून बसला तो उठलाच नाही. ती एकेक चेहरा दाखवत होती, तो नावे ओळखत होता, चुकला की ती त्याच्या पाठीत धपाटा घालत होती. दुसरी पंगत झाली, तिसरी झाली. मी फोन धरून अवघडले.

"आता ठेवू?"

"थांब वं. दोघं अजून हात धुऊन राहिले. त्याहीले वाढ."

वाढले. सगळे उरकल्यावर, सवयीने, मी त्या दिवसाची नोंद केली. ब्यूनोस आयरेस: आभाळ निरभ्र, वारा मंद, पाऊस नाही, तापमान वर्षातले सर्वांत सुखद. सकाळी साडेदहा ते दुपारी पावणेदोन या काळात मोठ्या आईने घराबाहेर घालवलेली मिनिटे: शून्य.