टाकाची मागची बाजू

कोठीच्या बाजारात फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना मला तो संत दिसला. काळ्याभोर पानावर पांढऱ्या ठिपक्यांनी काढलेला. अंगरख्यावरची फुलंही ठिपक्यांचीच. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की पाचशे वर्षांपूर्वी युरोपातले सोनार धातूच्या पत्र्यावर पंच म्हणजे बोथट खिळा ठोकून असे संत काढत, पत्र्याला शाई लावून ते कागदावर छापत आणि लोक ते घरात लावत.

"लेना है तो लो बेटा, नै तो रखो," पुस्तकवाला म्हणाला. लाजून मी घेऊन टाकलं.

मला आमच्या देवघरातला खंडोबाचा टाक आठवला. चांदीचा लहानसा पत्रा, कडेनं तसेच ठिपके. रोज घासून घासून त्याचं तोंड सपाट झालं होतं. झिजलेला देव पुजू नये, विसर्जन करा, हल्ली दुकानात तयार टाक मिळतात, असं आत्या दर खेपेला सांगायची. आई म्हणायची, "नक्को. हाच राहू दे."

आमच्या नल्लकुंट्याच्या घरी तेव्हा केबल नव्हतं. एका दुपारी आई शेजारी मालिका बघायला गेली. मी बाबांच्या स्टँपपॅडची शाई टाकाला लावली, वर कागद ठेवला आणि चमच्यानं घासला. घोडा उलट्या दिशेला तोंड करून उमटला, त्याचं कारण समजलं. पण ठिपके काळे आले होते. पुस्तकात पांढरे, माझे काळे. असं का, याच विचारात होते, तोवर आई दारात.

"देवाला शाई? कॉलेजात हेच शिकवतात का गं?"

तिनं कागद उचलला. खंडोबाच्या तोंडाच्या जागी नुसता काळा डाग होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"वन्सं म्हणतात ते खरं. काहीच राहिलं नाही. रविवारी पाण्यात सोडू."

हे मला नको होतं. मी टाक उचलून उलटा केला. मागे प्रत्येक ठिपका म्हणजे एक खड्डा होता. आमच्या सोनारानं मागून ठोकलं होतं, युरोपातल्या सोनारानं पुढून; खड्ड्याला शाई लागत नाही, म्हणून ते पांढरे! आणि मागची बाजू कधी कुणी घासलीच नव्हती. डोळे, नाक, सगळं आत कोरल्यासारखं होतं.

"आई, इकडून बघ."

तिनं खिडकीशी नेऊन पाहिलं. मग स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला, टाकाच्या मागून दाबला आणि हलकेच सोडवला. कणकेवर देवाचं तोंड उठून आलं.

"अगं बाई, मिशी आहे की याला! माझं लग्न झालं तेव्हासुद्धा दिसत नव्हती." मग तिनं विचारलं, "यावरून सोनार पुन्हा तोंड उठवून देईल का गं?"

"माहीत नाही. विचारावं लागेल."

"मग तूच विचार. तुला कळतंय त्यातलं."

अनोळखी माणसाशी बोलणं मी एरवी टाळायचे. कणकेचा देव डब्यात ठेवून आई सोनाराकडे जायला चपला घालायलाही लागली होती.