बैलाच्या गळ्यातला ट्रान्झिस्टर

आपण लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि मी लिहिलेलं आजवर फक्त परीक्षकांनी वाचलं, तेही वाचावंच लागलं म्हणून. विषयही मोठा नाही. एक ट्रान्झिस्टर बिघडला, एवढंच. ज्यांना हे फार किरकोळ वाटेल त्यांची आधीच क्षमा मागतो. पण त्या वर्षी त्या ट्रान्झिस्टरनं मला जेवढं थकवलं, तेवढं अभ्यासानंही थकवलं नाही.

मी अमरावतीला कॉलेजात इंटरला होतो. गावी मूर्तिजापूरहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं जायचं. घरी आई-बाबा आणि धाकटा भाऊ. सातवीनंतर भावाला शाळेतून काढलं, कारण दोघंही शिकायला बसलो असतो तर वावरात बाबांच्या जोडीला कुणीच उरलं नसतं. मोठा कोण आणि धाकटा कोण, यावर ते ठरलं. हुशार कोण, हा प्रश्न कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

मग एकदा फौजेतला मामा सुट्टीवर आला आणि सोबत ट्रान्झिस्टर घेऊन आला. वीतभर लांबीचा, भोकं पाडलेल्या चामड्याच्या खोळीत, खांद्याला अडकवायला पट्टा. मामानं तो माझ्यासाठी आणला होता, हे सगळ्यांना कळत होतं. बाबांनी तो उचलला आणि भावाच्या हातात दिला.

"मोठ्याले कॉलेज, धाकट्याले हे. झाली वाटनी," ते म्हणाले.

भाऊ तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. वखरामागे चालताना तो ट्रान्झिस्टर गळ्यात घालून जाई. गाणं बंद केलं की डावा बैल थांबतो, असं तो मला सांगे. मला ते खरं वाटत नसे, पण सांगताना त्याचा चेहरा असा होई की मी मान डोलवत असे.

पोळ्याला मी घरी आलो होतो. बैल धुतले, शिंगांना बेगड लावली, पाठीवर झुली टाकल्या. आपली जोडी तोरणाखाली उठून दिसावी असं प्रत्येकालाच वाटतं. भावानं ट्रान्झिस्टर सुरू केला आणि डाव्या बैलाच्या गळ्यात, घुंगरमाळेखाली, पट्ट्यानं बांधून टाकला. आम्ही तोरणाखाली पोचलो तेव्हा लोक झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणायचं सोडून आमच्या बैलाकडे बघू लागले.

"पाय गा, बैल गाऊन राह्यला!" कुणीतरी ओरडलं.

"आपल्या भजनी मंडळापेक्षा बरा गाते," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. भाऊ हसला नाही. कासरा धरून मान ताठ ठेवून उभा राहिला. गावानं त्याच्याकडे असं बघितलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तोरण तुटलं, डफडी वाजली, आणि बैलानं मान झटकली. पट्ट्याची गाठ सुटली. खाली चिखल आणि साऱ्या गावच्या बैलांचं शेण. मागच्या जोडीचा पाय पडायच्या आत भावानं ट्रान्झिस्टर ओढून काढला, पण गाणं थांबलं होतं.

तरी एवढ्यावर कदाचित भागलं असतं. भाऊ बैलांना पुरणपोळी चारत होता, मी दारात विचारपूस करणाऱ्यांना उत्तरं देत होतो, तेवढ्यात आईनं ट्रान्झिस्टर खोळीतून काढला आणि धुतला. बादलीत बुडवून, काथ्यानं घासून. मग चुलीजवळ पालथा ठेवला, पाणी निथळावं म्हणून.

"सारी भोकं बुजली होती बाप्पा," ती भावाला म्हणाली. "मंग आवाज कुठून येईन त्याचा?"

भावानं ट्रान्झिस्टर कानाशी धरून हलवला. आत पाणी हललं. तो तसाच खाली ठेवून भाऊ गोठ्यात निघून गेला. आपलं काहीतरी चुकलं, एवढं आईला कळलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

"हा कॉलेजात हाय ना," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "हा पाहीन त्याले."

"बाबा, मी आर्ट्सला आहे."

"मंग तेथी काय शिकवतेत?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. मी इतिहास म्हणालो, अर्थशास्त्र म्हणालो. ते ऐकत राहिले, जणू पुढे अजून काही येणार आहे.

दुसऱ्या दिवशी भावानं बैल सोडले नाहीत. बाबांनी दोनदा हाक मारली.

"बैल काहून नाई सोडले रे?"

"रेडू माह्या वाटचा होता," भाऊ म्हणाला. ट्रान्झिस्टरला घरात रेडूच म्हणत. "तो गेला. आता मले शाळेत टाका."

"एवढा मोठा घोडा आठवीत बसशीन? पोट्टे हासतीन."

"हासू द्या."

"अन् वावर?"

भावानं माझ्याकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. तो शाळेत गेला तर वावरात कोण येणार, हे कुणी बोलायची गरजच नव्हती. त्याचं मागणं चूक आहे असं मला म्हणता येईना, आणि कॉलेज सोडतो असंही म्हणता येईना.

"मी दुरुस्त करून आणतो," मी म्हणालो. भावानं बैल सोडले.

मी आधी अकोल्याला गेलो. बाजारातल्या मिस्त्रीनं मागचं झाकण उघडलं आणि बोटानं आतला गाळ खरवडला.

"ये धोया किसने?"

"आईनं."

"साबुन नहीं लगाया?" त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारून दाखवलं. दोघं बराच वेळ हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही. स्पीकरचा कागद फुगून फाटला होता, आत गंज धरायला लागला होता. एवढा लहान स्पीकर अकोल्यात मिळत नाही, असं सांगून त्यानं झाकण लावून दिलं.

मग अमरावती. तिथल्या दुकानदारानं ट्रान्झिस्टर ठेवून घेतला आणि नागपूरहून स्पीकर मागवतो म्हणाला. तास संपले की मी जाई. तो मला लांबूनच ओळखून हात हलवी: नाही आला. पुढे पुढे मी दुकानात न शिरता रस्त्यावरूनच त्याचा हात बघून परत फिरू लागलो. कापसाची वेचणी सुरू झाली, संपली. घरी गेलो की भाऊ पाण्याचा तांब्या देण्याआधी विचारी, "झाला?"

"पुढच्या हप्त्यात म्हणतो."

"तुहं कॉलेज असं शेनात पडलं असतं," तो एकदा म्हणाला, "तं थांबला असता का तू पुढच्या हप्त्यापर्यंत?"

आई चुलीसमोर होती. तिनं मान वर केली नाही. त्या वर्षी मी इतका दमलो होतो की पुस्तक उघडलं तरी भावाचाच प्रश्न ऐकू येई. परीक्षेत पास झालो, पण कसा ते सांगता येणार नाही.

उन्हाळ्यात एकदाचं काम झालं. लहान स्पीकर आलाच नाही. दुकानदारानं जरा मोठा बसवला, त्यामुळे मागचं झाकण लागेना. ते नाडीनं बांधावं लागलं. आवाज घोगरा झाला होता. मी तो मांडीवर धरून बडनेऱ्यापर्यंत, मग मूर्तिजापूर, मग छोट्या गाडीनं घरी नेला.

भावानं सुरू केला, थोडं ऐकलं.

"घसा बसला याचा," तो म्हणाला, आणि बंद करून भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला. शाळेचं नाव काढलं नाही, पण वखरामागे जाताना ट्रान्झिस्टर गळ्यातही घातला नाही. मी राहिलो तितके दिवस तो देवळीतच होता. आई रोज त्याच्यावरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसायची. वाटणी टिकली की मोडली, ते काही कळेना, आणि मी ते न कळताच अमरावतीला परतलो.

पुढच्या पोळ्याला मी गावी गेलो नाही. सहामाही परीक्षा जवळ आली असं कळवलं. पोळा होऊन गेल्यावर गावातले एक काका कोर्टाच्या कामासाठी अमरावतीला आले आणि माझ्या खोलीवर उतरले. बाबांचे जुने सोबती. भाकरी खाता खाता गावातलं सगळं सांगून झालं, कोण आजारी, कुणाची गाय व्याली. मी ज्याची वाट बघत होतो ते येईना. शेवटी मीच विचारलं, "पोळा कसा झाला?"

"झाला ना. तुह्या भावानं औंदा बी रेडू बांधला बैलाच्या गळ्यात."

"त्याच बैलाच्या?"

"त्याच. तुह्या मायनं मेनकापडाची थैली शिवली त्याले. सोताच्या हातानं बांधली, निस्त्या गाठीवर गाठी. म्या म्हनलं, वैनी, आता बैल मरीन पन रेडू नाई सुटत."

"वाजला?"

"वाजला. घोगरा वाजते, पन वाजला. रोज वावरात बी घेऊन जाते आता." काकांनी हात धुतले, टोपी डोक्यावर ठेवली. मग आठवण झाल्यासारखे थांबले. "हां, त्यानं निरोप देल्ला तुले. म्हने, दादाले सांगा, माह्या रेडूचे सेल उतरले. येतानी घेऊन येजो म्हनावं."