पाठीवरची चेन

टेलरमावशींकडे अलीकडे एकच काम वाढलं होतं: पाठीवरची चेन बाजूला घ्यायची, मागचे हुक पुढे लावायचे. नव्या नोकरीची पोर असो, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई असो, की लेकरं दूरदेशी असलेली आजी. चेन ओढायला घरात दुसरं कुणी नाही, हे कुणी सांगत नसे. मावशीही विचारत नसत. त्या स्वतः एकट्याच राहायच्या.

त्यांच्या निळ्या ड्रेसची चेन मात्र पाठीवरच राहिली होती. यजमान होते तेव्हा ते लावून द्यायचे, वर "श्वास आत घे" म्हणून चिडवायचे. ते गेल्यावर मावशी चेनला दोरा बांधून ओढायच्या. लोकांचं उरकता उरकता स्वतःचं राहून जायचं, आणि खरं सांगायचं तर तिथे कात्री लावायला हातही धजत नव्हता.

मग खांदा आखडला. मुलाने बजावलं, "आई, एकदा जरी अडलं ना, तर सामान बांधून आमच्याकडे यायचं." मुलगा मायेचा, सूनही गुणाची. पण आपलं मशीन, आपली खिडकी, मनाला येईल तेव्हा जेवणं, हे काही मावशींना सोडवत नव्हतं.

भाचीच्या लग्नाला न्यायला तो यायचा होता, नेमकी त्याच सकाळी निळ्या ड्रेसची चेन अर्ध्यावर अडकली. वर जाईना, खाली येईना. दोराही हातात तुटून आला. खाली मुलाची गाडी थांबली. शाल पांघरून मावशींनी समोरचं दार वाजवलं. तिथे एक नर्स एकटीच राहायची. डोळे चोळत ती बाहेर आली.

"बाळा, एवढी चेन लाव गं."

तिने अडकलेलं कापड हळूच सोडवलं, चेन वर नेली. "बरं झालं आलात मावशी. गेल्या आठवड्यात मी तापाने पडून होते. तुमचं दार वाजवावंसं फार वाटलं, पण संकोच वाटला."

 मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला.

तेवढ्यात मुलगा जिना चढून आला. "काय गं आई, अडलं का?"

"अडलं होतं. हिने सोडवलं. देवासारखी धावून आली बघ."

मुलाने दोन्ही उघड्या दारांकडे पाहिलं. "मग सामान?"

"राहू दे जागेवर."

तो हसला आणि पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

पुढच्या सुट्टीला नर्स आली. "मावशी, तुमची चेन तेवढी पुढे घेऊन टाका. मी उसवून देते."

"नको गं," मावशी म्हणाल्या, "मग तुझं दार कशाला वाजवू?"