कसंतरी म्हणजे कसं?

“म्हणजे कसं?” असं विचारताना ती चष्मा कपाळावर चढवायची. जर्मनीत, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात आम्ही दोघी मराठी बायका एकाच विभागात होतो. ब्रेक तपासणं हे तिचं काम. कुणी “ब्रेक वाजतोय” म्हणालं की हिचं सुरू, “वाजतोय म्हणजे कसा? ओल्या रस्त्यावर की कोरड्या?” लोक वैतागायचे. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेलच.

चाळिशीच्या तोंडावर तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. बाकी सगळीकडून नकार आले. उरलं हॅम्बर्गचं एक कॉलेज. त्यांना निबंध हवा होता: तुमच्या वेगळेपणाचा आमच्या वर्गाला काय उपयोग?

शनिवारी ती मसुदा घेऊन माझ्या घरी आली. नखं पार कुरतडलेली. मसुद्यात दिवाळी, योग, मसाले.

“हे काय, पर्यटन खात्याचं पत्रक?” मी म्हणाले.

“मग काय लिहू, ताई? उद्या शेवटचा दिवस. माझ्यात वेगळं काही नाहीच.”

तेवढ्यात सोफ्यावरून माझ्या सासूबाई म्हणाल्या, “मला पुन्हा कसंतरीच होतंय गं.”

हे आठवडाभर चाललं होतं. डॉक्टरांनी कुठे दुखतं ते विचारलं. आई म्हणाल्या, दुखत नाही, कसंतरी होतं. त्याचं जर्मन मी ‘बरं वाटत नाही’ असं केलं. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या.

चष्मा कपाळावर गेला. “काकू, कसंतरी म्हणजे कसं?”

“कसंतरी म्हणजे कसंतरी! आता काय चित्र काढू?”

“जेवल्यावर की जिना चढल्यावर?”

“चढल्यावर. पण बसलं की जायचं. आज जातच नाहीये.”

“आणि हात?”

“डावा जरा जड वाटतो.”

“ताई, अँब्युलन्स बोलवा. आत्ता.”

हृदयाचंच निघालं. आई वाचल्या. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ही पुन्हा नखं कुरतडायला लागली. “निबंध राहिला, ताई.”

“हेच लिही. ‘कसंतरी’ला जर्मन शब्द नाही. तुला तो उलगडून विचारता येतो.”

“आल्झो... म्हणजे, एवढंच?”

“एवढंच.”

तिथेच बाकावर बसून तिने दिवाळी, योग, मसाले सगळं खोडलं.

आता ती हॅम्बर्गला असते. इथे ब्रेक वाजला की नुसती नोंद होते.

परवा आई पुन्हा म्हणाल्या, “आज जरा कसंतरीच वाटतंय.”

“म्हणजे कसं?” मी विचारलं. माझा हात आपसूक कपाळाकडे गेला. मला चष्मा नाही.

आईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“तू राहू दे,” त्या म्हणाल्या. “तिला फोन लाव.”